गाडी बदलायला चार मिनिटं

जपानच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाला एक तक्ता जोडावा लागतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्क कुठे, मुक्काम कुठे. विमानातून उतरल्यापासून परत चढेपर्यंतचा सगळा हिशेब त्यात द्यायचा असतो. माझी थोरली बहीण मालतीताई रेल्वेच्या आरक्षण कार्यालयातून निवृत्त झाली आहे. तिने तो तक्ता पाहिला आणि तेवढ्यावर न थांबता एक दोनशे पानी वही घातली. माझी मुलगी रेवती टोकियोत नोकरी करते. ती गणपतीला घरी आली, आरती आटोपल्यावर वही वाचायला बसली, आणि तिथून दोघींची जुंपली.

रेवती राहते एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत. टोकियोतल्या भारतीयांची मोठी वस्ती तिथे आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले होते. नोव्हेंबरात मी आणि ताई तिच्याकडे जाणार, म्हणून हा वाद माझ्याही पायांचा होता. मी बोललो कमी, पण ऐकलं सगळं.

रेवती – आत्या, हे काय लिहिलंयस? ‘टोकियो स्टेशन, गाडी बदलणे, ४ मिनिटं’?

ताई – एकाच स्टेशनात बदलायचीय ना? चार पुष्कळ झाली.

रेवती – तू यामानोते लाईनवरून केइयो लाईनवर जाणार आहेस. केइयोचे फलाट म्हणायला टोकियो स्टेशनात, पण ते दक्षिणेला पार लांब आणि जमिनीच्या खूप खाली. सरकते पट्टे, सरकते जिने, पुन्हा सरकते पट्टे. माझ्या चालीने दहा मिनिटं लागतात.

ताई – मग पंधरा लिहिते. लिहिलेला आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. लिहिलाच नाही तर दुरुस्त काय करणार?

रेवती – अगं, पण आकडा हवाच कशाला? यामानोते दर तीन-चार मिनिटांनी येते. चौतीस-साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, तीस स्टेशनं, तासाभरात गाडी जिथल्या तिथे परत. उलट्या बाजूच्या गाडीत बसलीस तरी तासाने पोहोचशीलच. तू मुंबई-नागपूरचं आरक्षण काढत नाहीयेस.

ताई – गाडीचं मला सांगू नकोस. गाडी वेळेवर येणार हे मला मान्य आहे. मी वेळेवर येईन का, हा प्रश्न आहे.

इथेच मला दोघींच्या बोलण्यातली गाठ दिसली. जपानला जाणारा माणूस गाड्यांची काळजी करत बसतो, आणि काळजी करण्यासारखी गोष्ट गाडी नसतेच. गाडी येते, थांबते, सुटते. फलाटावर आखलेल्या खुणेसमोरच तिचं दार येतं. वेळ खातं ते स्टेशन. शिंजुकु स्टेशनातून करोनाआधीच्या काळात रोज पस्तीस लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करत होते. तिथे पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात आणि बाहेर पडायचे रस्ते दोनशेच्या वर आहेत. चुकीच्या दारातून बाहेर पडलं, तर समोर दिसणाऱ्या इमारतीला वळसा घालून जायला पंधरा मिनिटं सहज जातात. २०२० पर्यंत तर पूर्वेकडून पश्चिमेकडे तिकिटाशिवाय सरळ आरपार जायला रुंद वाटही नव्हती. तेव्हा ताईने मिनिटं मोजली यात तिची चूक नव्हती. ती मोजत होती ती जागा चुकीची होती.

रेवती – मी तुला चुकायला किती स्वस्त पडतं ते सांगते. सुइका कार्ड घ्यायचं, गेटवर टेकवायचं आणि आत जायचं. कुठे उतरणार हे आधी सांगावं लागत नाही. वाटेत मन बदललं तर बदललं. बाहेर पडताना जेवढं अंतर तेवढे पैसे कापले जातात. कागदाचं तिकीट कमी पैशांचं काढलं असेल, तरी गेटच्या आत एक यंत्र असतं, त्यात फरक भरायचा आणि निघायचं. दंड नाही, कोणी ओरडत नाही, कोणी बाजूला उभं करत नाही.

ताई – फरक भरला की झालं? टीसी नाही?

रेवती – नाही. चुकलेल्या माणसाने काय करायचं याची सोय त्यांनी आधीच करून ठेवलीय.

ताई यावर बराच वेळ गप्प होती. तिने चाळीस वर्षांची नोकरी खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहे. चुकीच्या तिकिटावर चढलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते तिने पाहिलेलं आहे, त्यामुळे त्या यंत्राचं मोल तिला आमच्याहून जास्त कळलं असणार.

ताई – बरं. पण सुइका म्हणजे मोबाइलात का कार्ड?

रेवती – बाबांचा आयफोन आहे, त्यात घालता येईल. तुझा अँड्रॉइड भारतातला, त्यात बहुधा चालणार नाही. तुला कार्डच घ्यावं लागेल. मध्यंतरी चिपच्या टंचाईमुळे कार्डांची विक्री थांबली होती, २०२५ च्या मार्चपासून परत मिळतात. टोकियोचं कार्ड ओसाकाला, क्योतोलाही चालतं, २०१३ पासून देशभरातली दहा कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालतात. फक्त टोकियोत टेकवून आत शिरायचं आणि साध्या गाड्या बदलत बदलत क्योतोला बाहेर पडायचं, असं करता येत नाही. शहरात कार्ड, दोन शहरांमध्ये तिकीट.

ताई – आणि अनामत?

रेवती – पाचशे येन. ती टोकियोच्या बाजूलाच परत मिळते, ओसाकात नाही.

ताई – आपलं परतीचं विमान ओसाकाहून आहे. म्हणजे कार्ड परत द्यायचं तर टोकियो सोडताना द्यायला हवं, आणि पुढे ते लागणार आहेच. बघ, वहीत न लिहिता हे कसं कळलं असतं?

परतीचं विमान ओसाकाहून, हीही ताईचीच सूचना होती. टोकियोला उतरायचं आणि कान्साई विमानतळावरून निघायचं, म्हणजे तोच रस्ता उलटा तुडवावा लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. एक अख्खा दिवस वाचतो.

मग निघाला रेल्वे पासचा विषय. इथे मला वाटलं होतं की रेवतीच शिकवेल आणि ताई ऐकेल.

रेवती – जपान रेल पास मात्र इथूनच घेऊन या. सगळे घेतात.

ताई – घेत होते. सात दिवसांचा पास २९,६५० येनला होता तोवर घेत होते. २०२३ च्या ऑक्टोबरात तो पन्नास हजार झाला. टोकियो ते क्योतो आरक्षित जागेचं तिकीट साधारण चौदा हजार. तिथून हिरोशिमा अकरा-साडेअकरा. हिरोशिमाहून सरळ टोकियो गाठलं तर अजून साडेएकोणीस. सगळं मिळून पंचेचाळीस हजार झाले, पन्नास नाही झाले. आणि आपण तर टोकियोला परतणारच नाही.

रेवती – ...मी सगळ्यांना पासच सांगत आलेय.

ताई – शिवाय सगळ्यांत जलद नोझोमीला पासवर वेगळे पैसे मोजावे लागतात. येन साठ पैशांच्या आसपास धरला तर पास तीस हजार रुपयांचा. सुट्या तिकिटांत त्याहून बऱ्याच कमीत भागतं. अंबाबाईची ओटी भरून येऊ उरलेल्यात.

हा हिशेब मी इथे मुद्दाम देतो आहे. अजूनही कितीतरी घरांतून ‘आधी पास काढा’ हा सल्ला जसाच्या तसा पुढे जातो. आपला मार्ग कागदावर मांडावा, एकेक तिकिटाचा भाव लिहावा, मगच ठरवावं. आणि ज्यांना मुलांच्या शाळांमुळे एप्रिल-मेशिवाय सवड नाही, त्यांनी २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा शक्य तर टाळावा. तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर असतो आणि नोझोमीत विनाआरक्षित डबाच नसतो.

ताईला शिनकान्सेनबद्दल, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनबद्दल, लहान मुलीसारखं कुतूहल आहे. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली गाडी सुटली, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, आणि टोकियो-ओसाका हे ५१५ किलोमीटर तेव्हा चार तासांत कापत होती, आता अडीच तासांच्या आत कापते, हे सगळं तिला तोंडपाठ.

रेवती – क्योतोला जाताना ई नंबरची जागा घे. डोंगराची बाजू. टोकियो सोडल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उजव्या हाताला फुजी दिसतो, हवा स्वच्छ असेल तर.

ताई – लिहिलंय. आणि बॅगा?

रेवती – लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर त्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेची जागा आधी राखून ठेवावी लागते.

ताई – आणि क्योतोला गाडी एक-दोन मिनिटं थांबणार. आपण दोघी, दोन मोठ्या बॅगा, आणि तुझा बाप दारात उभा राहून पाट्या वाचणार.

रेवती – म्हणून बॅगा बरोबर न्यायच्याच नाहीत. ताक्क्यूबिन. हॉटेलच्या काउंटरवर द्यायच्या, पत्ता लिहायचा, टोकियोतून दिलेल्या बॅगा बहुतेक दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात पोहोचतात. काळी मांजर आणि तिचं पिल्लू असं चित्र असलेल्या त्या गाड्या सगळ्या गल्ल्यांतून फिरत असतात. १९७६ पासून चालू आहे हे.

इथवर दोघींचं पटत चाललं होतं. बिनसलं क्योतोवर.

ताईच्या वहीत क्योतोच्या एका दिवसात सात देवळं होती, आणि सगळीकडे बसने. सकाळी किन्काकुजी, मग र्‍योआनजी, दुपारी कियोमिझु...

रेवती – हे नाही होणार, आत्या.

ताई – का? अंतरं लहान आहेत. बस २३० येनला.

रेवती – नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आहे. पानं लाल होण्याचे दिवस. त्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचं असतं आणि पुढच्या दाराने पैसे टाकून उतरायचं असतं. बस गच्च भरली की मागचा माणूस पुढे पोहोचेपर्यंत स्टॉप निघून जातो. खुद्द क्योतो शहरालाच हे झेपेना, म्हणून २०२३ मध्ये त्यांनी फक्त बसचा दिवसभराचा पास विकणं बंद केलं. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून अकराशे येनचा पास देतात, म्हणजे लोक रेल्वेने जातील. शहर स्वतः सांगतंय की बसने येऊ नका.

ताई – मग सात देवळं कशी पाहायची?

रेवती – नाही पाहायची. चार पाहायची. क्योतो स्टेशनवरून नारा लाईन. पहिलं स्टेशन तोफुकुजी, तिथे पानं. दुसरं इनारी, उतरलं की समोरच फुशिमी इनारीचं दार. ते चोवीस तास उघडं असतं, सकाळी सहाला गेलीस तर त्या लाल कमानींच्या खालून एकटी चालशील. संध्याकाळी भुयारी रेल्वेने केआगेला उतर, नान्झेनजी चालत. किन्काकुजीला बसशिवाय गत्यंतर नाही, तेवढ्यासाठी बस.

ताई – आयुष्यात एकदा जायचं, आणि तीन देवळं सोडून यायचं?

हा प्रश्न ताईने चिडून नाही, कळवळून विचारला. तिचं वय सत्तरीकडे झुकलंय. ती परत जपानला जाण्याची शक्यता कमी, हे तिला आणि आम्हाला, दोघांना माहीत आहे. तरुण माणूस ‘राहिलेलं पुढच्या वेळी’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे पुढची वेळ असते. रेवतीच्या मोकळ्या भटकंतीतली ही उणीव तिला तोवर दिसली नव्हती. तिचा चेहरा पडला.

पण माझं मत इथे रेवतीच्या बाजूने आहे, आणि पूर्ण आहे. सात देवळांच्या दिवशी ताई देवळं पाहणारच नव्हती. ती रांगा, बसच्या पाट्या आणि हातातलं घड्याळ पाहणार होती. कितीतरी लोकांचे क्योतोचे फोटो मी पाहिले आहेत, त्यांत देऊळ असतं, बघणाऱ्याच्या तोंडावर थकवा असतो. सोडायचं काय ते घरी बसून, शांत डोक्याने ठरवावं. फलाटावर, पाय दुखत असताना ठरवलं की भांडणं होतात.

शेवटी तोड निघाली ती गुडघ्यांवरून. रेवतीने भ्रमणध्वनीवर एक फोटो दाखवला. टोकियो मेट्रोच्या फलाटावरच्या खांबाला लावलेला तक्ता होता. त्यात पुढच्या प्रत्येक स्टेशनाच्या ओळीत, गाडीच्या कुठल्या डब्यासमोर जिना येईल, कुठल्या डब्यासमोर सरकता जिना, आणि कुठल्या डब्यासमोर लिफ्ट, हे चौकोनाचौकोनांतून छापलेलं होतं. म्हणजे उतरल्यावर लिफ्ट कुठे शोधायची, हा प्रश्न चढण्याआधीच सुटतो. ताईने चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि डब्यांचे आकडे एकेक करून वाचले.

ताई – हे मला हवं होतं. हे कुठे मिळतं?

रेवती – प्रत्येक फलाटावर. शिवाय बाहेर पडायच्या दारांनाही नंबर असतात. बहुतेक स्टेशनांत लिफ्ट असते, पण ती एखाद्या-दुसऱ्याच दाराला. ते दार कुठलं, एवढं आधी बघून ठेवायचं.

ताई – मग माझ्या वहीत देवळांच्या वेळा कशाला? दारांचे नंबर लिहिते.

दोघी एकाच टेबलाशी पहिल्यांदा एका बाजूला बसल्या. वहीची पानं भराभर बदलली. ‘१०.४० ते ११.२५’ खोडलं गेलं आणि त्या जागी ‘सुएहिरोचो स्टेशन, लिफ्टचं दार शोधणे’ असं येऊ लागलं. ताईने फलाटाकडेच्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशांचंही सांगितलं. अंधांसाठीच्या या फरशा सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामाच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज पुणे मेट्रोच्या फलाटावर आपण त्याच फरशांवरून चालतो. रेवतीला हे माहीत नव्हतं.

मोकळ्या वेळेबद्दल मात्र रेवती हटली नाही.

रेवती – टोकियोतल्या एका दुपारी काही लिहायचं नाही. निप्पोरीला उतरायचं आणि यानाकात चालायचं. १९२३ च्या भूकंपातून आणि युद्धातल्या बाँबफेकीतूनही हा भाग बराचसा वाचला. बुटकी घरं, देवळं, मांजरं, गल्लीतली दुकानं. हरवलीस तर कोपऱ्यावर पोलिसांची चौकी असते, तिच्यात भिंतीवर नकाशा असतो. रस्ता विचारायला लोक तिथे जातातच.

ताई – आणि खायचं काय? मी शाकाहारी. नूडल्सच्या रश्श्यातसुद्धा माशाचा अर्क असतो, तूच सांगितलंस.

रेवती – असतो. भाताच्या ओनिगिरीचंही वेष्टण बघूनच घ्यावं लागतं. फिरताना पिशवीत काहीतरी ठेवायचं.

ताई – मग दुपार मोकळी, पिशवी भरलेली. लिहू?

रेवती – लिही.

खाण्यावरून कोयासानचा विषय निघाला, आणि तिथे रेवतीने स्वतःहून वही जवळ ओढली. कोयासान डोंगरावर आहे. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने तिथे मठ वसवला. मठातच राहायची सोय असते आणि जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही, माशाच्या अर्काऐवजी कोम्बु आणि शिताकेचा रस्सा. २०१५ साली कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ताईला तिथे जायचंच होतं.

रेवती – इथे मात्र मोकळं सोडून चालणार नाही. ओसाकातल्या नाम्बाहून नान्काई लाईनने गोकुराकुबाशी, मग पाच मिनिटांची केबल कार, वर पोहोचलं की बस, कारण त्या रस्त्यावर चालायला परवानगी नाही. मठात रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला. उशीर झाला तर ते थांबत नाहीत. म्हणजे नाम्बा दुपारी एकच्या आत सोडायचं.

ताई – बाराला सोडू.

रेवती – बाराला. आणि मठ आजच राखून ठेवू, नोव्हेंबर आहे.

ताई – मोठ्या बॅगा?

रेवती – क्योतोच्या हॉटेलातून थेट ओसाकाच्या हॉटेलात पाठवायच्या. वर एक लहान पिशवी आणि गरम कपडे. आठशे मीटरवर आहे ते, नोव्हेंबरात बोचरी थंडी असते.

ताई – माझी काळी शाल आणि तुझ्या बाबाचा स्वेटर. बॅगा आदल्या दिवशी कितीच्या आत द्यायच्या काउंटरवर?

रेवती – ते हॉटेलला विचारायला हवं.

ताई – मग विचार. आत्ता मेल टाक, मी थांबते.